मदत हवी आहे : १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचे छप्पर काढून दोन आसनी रोडस्टर करता येईल का?

नमस्कार.

आमच्या घरी १९७८ साली नोंदणी झालेली प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी वडिलांनी नवी घेतली होती, आता ती माझ्या नावावर आहे आणि सध्या वसईला मावसभावाच्या शेडमध्ये उभी आहे. १०८९ सीसीचे मूळ इंजिन चालू स्थितीत आहे, स्टिअरिंगवरचा गिअर व्यवस्थित पडतो, पुढचे सस्पेन्शन अलीकडेच उघडून दुरुस्त करून घेतले आहे. मात्र माहीमला खाऱ्या वाऱ्यात अनेक वर्षे उघड्यावर राहिल्यामुळे मागच्या काचेच्या वरचा छपराचा पत्रा गंजून अक्षरशः जाळी झाला आहे आणि मागचे दोन्ही दरवाजे खालच्या कडेने सडले आहेत. डेंटरने छप्पर आणि दरवाजे मिळून जो खर्च सांगितला, तो ऐकल्यावर बऱ्याच वर्षांपासून मनात असलेला एक विचार पुन्हा वर आला : छप्पर काढून टाकावे, मागचे दरवाजे वेल्डिंगने बंद करावेत आणि हिची दोन आसनी उघडी गाडी करावी.

या विचाराला थोडा आधारही आहे. पद्मिनी ज्या फियाट ११०० च्या घराण्यातली, त्याच घराण्यात खुद्द फियाटने १९५५ मध्ये ११०० टीव्ही ट्रासफॉर्माबिले ही दोन आसनी उघडी गाडी बाजारात आणली होती. तिची छायाचित्रे पाहिल्यावर आपल्या गाडीकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण ती गाडी कारखान्यातच उघडी म्हणून आखलेली होती. माझी गाडी बंद म्हणून आखलेली आहे, आणि माझी अडचण तिथेच सुरू होते.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही. खालचा तळ, दाराखालच्या सिल, उभे पिलर आणि छप्पर हे सगळे एकमेकांना जोडून झालेली पत्र्याची पेटी हीच तिची चॅसी. काडेपेटीचे बाहेरचे आवरण काढले की आतली उघडी पेटी दोन बोटांनी पिळता येते, तसेच इथे होणार हे मला समजते. जे समजत नाही ते असे की, छपराने पेललेला भार दुसरीकडे वळवायचा तर लोखंड नेमके कुठे आणि किती घालावे लागेल. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने सांगितले की दाराखाली चौकोनी पाइप ठोकला की काम झाले. दुसऱ्याने सांगितले की छप्पर कापल्यावर पहिल्याच खड्ड्यात दार उघडेल आणि पुन्हा बसणार नाही. दोघांपैकी कोणीही गाडीखाली वाकून पाहिले नाही, त्यामुळे दोघांच्याही बोलण्यावर विसंबणे मला जड जाते.

कायद्याची बाजू मी वाचली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंद गाडी उघडी करणे आणि आसने कमी करणे हे दोन्ही बदल नोंदणीपुस्तकाला छेद देणारे आहेत. त्यामुळे गाडी रस्त्यावर न काढता केवळ खासगी आवारात आणि प्रदर्शनात ठेवण्याचीही माझी तयारी आहे. तरीही ती चालवताना माझ्या शेजारी माझी मुलगी बसणार आहे, म्हणून मजबुतीच्या बाबतीत मला कोणतीही तडजोड नको.

ज्यांनी अशा जोडबांधणीच्या गाडीचे छप्पर प्रत्यक्ष काढले आहे किंवा काढताना जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया क्रमवार मार्गदर्शन करावे. काम कोणत्या टप्प्यावर थांबवावे, हेही सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद

नमस्कार. माझे ठाण्याला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे आणि जुन्या फियाटच्या बॉडीचे काम मी पुष्कळ केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कापण्याचा विचार करण्याआधी आतले कार्पेट आणि डांबरी थर पूर्ण काढा आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. सिलची पुढची व मागची टोके, जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या बैठका, एवढ्या ठिकाणी टोक जोराने दाबून पाहा. माहीमची गाडी आहे, त्यामुळे वरून रंग शाबूत दिसेल आणि आतून पत्र्याचे पापुद्रे निघतील, अशी शक्यता भरपूर आहे. कुठेही टोक आत गेले तर काम तिथेच थांबवा. सडलेल्या सिलवर नवी पेटी वेल्ड केली तर भार पेलणारा दुवा सडकाच राहतो आणि नव्या लोखंडाचे फक्त वजन वाढते.

पत्रा निरोगी निघाला तर कापण्याआधी आधार द्यावे लागतात. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर वजन ठेवून उभी करावी. मधोमध जॅक लावून कधीही कापू नये. दारांच्या मोकळ्या जागेत पुढच्या पिलरपासून मधल्या पिलरपर्यंत आणि डाव्या मधल्या पिलरपासून उजव्यापर्यंत पाइप वेल्ड करून घ्यावेत. दारांच्या फटी आणि आतले तिरके कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत, कारण नंतर प्रत्येक टप्प्यावर त्याच आकड्यांशी ताडून पाहायचे असते.

खरे बळ सिलमध्ये आणावे लागते. आतल्या बाजूने २ मिलिमीटर पत्र्याची दुसरी बंद पेटी, पुढच्या फायरवॉलपासून (इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्याच्या भिंतीपासून) मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत सलग न्यावी आणि तळाशी जोडावी. नुसता दाराखाली चौकोनी पाइप ठोकून भागत नाही, कारण त्याची दोन्ही टोके ज्या पत्र्यावर संपतात तो पातळ पत्रा फाटतो. आसनांखाली आडवा मेंबर आणि आसनांमागे दोन्ही बाजूंना बांधणारी पाइपची कमान हवीच. मधला पिलर कापला की सीटबेल्टची वरची जागा जाते, ती याच कमानीवर घ्यावी लागते. खालून इंग्रजी एक्सच्या आकाराचा आधार उत्तम, पण पद्मिनीत मधून मागची चाके फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सर जातात, म्हणून तो सपाट आणि बोल्टने काढता येईल असा करावा लागतो. मागचे दरवाजे नुसते टाके मारून बंद केले तर शोभेपलीकडे उपयोग नाही. आतून पत्रा घालून पिलरशी सलग जोडले तर मात्र त्या बाजूचा कडकपणा चांगला वाढतो.

पुढच्या काचेच्या चौकटीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तिचे खांब छपराला टेकून उभे राहण्यासाठी केलेले आहेत, एकटे उभे राहण्यासाठी नाहीत. आतून पाइप घालून तो डॅशबोर्डमागच्या आडव्या पाइपला जोडल्याशिवाय काच टिकणार नाही, आणि इतके करूनही गाडी उलटली तर बंद गाडीइतके संरक्षण मिळणार नाही.

वेल्डिंग सीओटूने (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेल्या तारेच्या वेल्डिंगने), छोट्या छोट्या टाक्यांत, बाजू बदलत करावे. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने लांब पत्रा हमखास वाकतो. सगळे झाल्यावर पुढचे एक चाक जॅकने उचलून दोन्ही दारे उघडून लावून पाहावीत. ती पूर्वीसारखीच सहज बसली तर बांधणी जमली असे समजावे.

हे सर्व सांगूनही माझा सल्ला असा आहे की ही गाडी कापू नये. छपराचे जेवढे वजन कमी होईल तेवढे किंवा त्याहून जास्त लोखंड खाली घालावे लागेल, आणि चाळीसेक अश्वशक्तीचे इंजिन आहे तेवढेच राहील. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि चॅसी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची पन्नाशी २०२८ मध्ये भरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही सेवेतून गेली, त्यामुळे मूळ स्वरूपातल्या खासगी गाड्यांचे मोल आता अधिक जाणवते. उघड्या गाडीचीच ओढ असेल तर जुनी स्टँडर्ड हेरल्ड पाहा. मद्रासला तयार होणाऱ्या त्या गाडीला स्वतंत्र चॅसी आहे आणि इटालियन डिझायनर मिकेलोत्ती यांनी आखलेल्या मूळ ट्रायम्फ हेरल्डप्रमाणे तिचे छप्पर बोल्टने बसवलेले असते, म्हणजे काढलेले छप्पर पुन्हा चढवता येते. रस्त्यावर आणायची तर परवानगीचा प्रश्न तिलाही लागू आहे, पण निदान गाडीचा सांगाडा दुखावत नाही.

धागाकर्ता

आपण इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. २०२८ चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि काचेच्या चौकटीबद्दलचे वाचल्यावर मुलीला शेजारी बसवण्याचे धाडस मला होणार नाही. छप्पर कापण्याचा विचार मी सोडतो आहे. सिलची तपासणी मात्र आपण सांगितल्याप्रमाणे करणारच आहे, कारण गाडी बंद राहिली तरी तिथला गंज थांबवावा लागेल.

आता एवढेच विचारतो : भंगारात निघालेल्या पद्मिनीचे चांगले छप्पर मिळाले तर ते पिलरच्या मध्यावर कापून जोडावे की पूर्ण पत्राच बदलावा?

प्रतिसाद

पिलरला हात लावू नका. छपराच्या दोन्ही कडांना असलेल्या पन्हळीतले जुने सीलंट खरवडून काढा, म्हणजे स्पॉट वेल्डचे गोल ठसे दिसू लागतील. ते एकेक करून ड्रिलने सोडवा, पुढच्या आणि मागच्या काचेवरची कडही तशीच मोकळी करा आणि फक्त वरचा पत्रा उतरवा. नवा पत्रा त्याच भोकांतून सीओटूने जोडा, पन्हळीत नवे सीलंट भरा आणि आतले अस्तर लावण्याआधी आडव्या पट्ट्यांना गंजरोधक प्राइमर द्या. भंगारातले छप्पर घेताना पुढच्या काचेच्या वरचे दोन्ही कोपरे चुंबक लावून तपासा. तिथे पुट्टी भरलेली असेल तर चुंबक चिकटणार नाही.