लाकडी डेकला स्टेनचा कोणता रंग द्यावा? शेडकार्ड बघून डोकं फिरलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरामागे लाकडाचा उघडा डेक (फळ्यांचा ओटा) आहे, साधारण १२ बाय २० फूट. त्याला या सीझनला स्टेन (बाहेरच्या लाकडाला मारतात तो रंग) करायचंच असं ठरवलंय आणि सगळी गाडी रंगावर येऊन अडलीय. लाकूड प्रेशर ट्रीटेड पाइन आहे, म्हणजे सडू नये म्हणून दाबाने आत औषध भरलेलं. डेक आम्ही बांधलेला नाही, घराबरोबर आला, आधीच्या मालकांनी त्याला कधीतरी काहीतरी मारलेलं असणार कारण जिन्याच्या बाजूला जिथे ऊन पोचत नाही तिथे अजून तपकिरी झाक दिसते, बाकी सगळा करडा पडलाय. एका फळीचा कोपरा पॉलिश पेपरने घासून बघितला तर खालून चांगलं पिवळसर लाकूड निघालं, म्हणजे सडलंबिडलं नाहीये, फक्त वरून गेलंय.

आता घोळ असा आहे की घराच्या भिंती फिकट क्रीम आणि खिडक्यांच्या चौकटी गडद करड्या. नवऱ्याला डेक करडा हवाय, चौकटींना मॅच होईल म्हणतो. मला वॉलनटसारखा गडद तपकिरी आवडतोय. जाऊबाई म्हणतात रंगच नको, क्लिअर मारा, लाकूड लाकडासारखं दिसू दे. तिघांचंही ऐकलं की तिघंही बरोबर वाटतात हा माझा प्रॉब्लेम!

दुकानात गेलो तर तिथे वेगळाच गोंधळ. लाकडाच्या छोट्या चिपांवर शेड लावून ठेवलेत, त्यात एका कंपनीचा सीडर चक्क नारिंगी आणि दुसरीचा सीडर विटकरी. नाव एकच! वर तो सेल्समन विचारतो सेमी-ट्रान्सपरंट हवा की सॉलिड, आणि मी त्याच्याकडे बघत बसले.

अर्धा डेक झाडाखाली आहे, तिथे फळ्या लवकर वाळत नाहीत आणि शेवाळं धरतं, उरलेला अर्धा दुपारभर उन्हात तापतो. मुलं अनवाणीच पळत असतात, कुत्रा आहे, तो चिखलाचे पाय घेऊन येतो. एवढ्या सगळ्याला पुरून उरेल असा रंग कोणता? गडद घेतला आणि नाही आवडला तर पुढच्या वेळी फिका करता येतो का? आणि शेडकार्डवर दिसतो तसा रंग खरंच येतो का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, फोटो टाकले तर अजूनच छान.

प्रतिसाद

डार्क वॉलनट. डोळे झाकून. मळखाऊ रंग आहे, जुने डागही झाकले जातात. विषय संपला.

प्रतिसाद

वरच्यांशी असहमत. गडद रंग मळखाऊ असतो हा गैरसमज आहे. गडद फरशीवर धूळ कशी दिसते ते आठवा, इथेही तेच, वाळलेले पावलांचे ठसे, झाडाचा पिवळा परागकण, कुत्र्याचे केस, सगळं उठून दिसतं. फार फिका घेतला तर चिखल आणि शेवाळं दिसतं. मधला तपकिरी घ्या, तोच खरा मळखाऊ. आणि त्यांचा अर्धा डेक दुपारभर उन्हात आहे हे वाचलंत का? गडद लाकूड उन्हात जास्त तापतं, पोरं अनवाणी गेली की चटके बसणार.

प्रतिसाद

ताई, तुम्ही प्रश्न उलट्या टोकाने धरलाय असं माझं मत. आधी रंग नाही, आधी किती झाकणारा स्टेन हवा ते ठरवा. ते ठरलं की निम्मे शेड आपोआप बाद होतात.

लाकूड करडं का पडतं तर उन्हातल्या यूव्ही किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे रेषे एकत्र धरून ठेवणारा घटक, तुटतं, मग पाऊस ते धुवून नेतो आणि करडे रेषे उरतात. हे ऊन अडवायचं काम मुख्यतः स्टेनमधलं पिगमेंट करतं, म्हणजे रंगाचे बारीक कण. क्लिअरमध्ये पिगमेंट जवळपास नसतंच, ते पाणी अडवतं पण ऊन फारसं अडवत नाही. त्यामुळे तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं दिसायला कितीही छान असलं तरी उन्हातल्या अर्ध्या भागावर वर्षभरात लाकूड पुन्हा करडं दिसायला लागेल, दर वर्षी हात मारायची तयारी असेल तर खुशाल करा.

दुसरं टोक म्हणजे सॉलिड. तो जवळजवळ पेंटसारखाच, लाकडाच्या रेषा पूर्ण झाकतो, ऊन सगळ्यात चांगलं अडवतो, पण लाकडावर पापुद्रा धरून बसतो. भिंतीवर किंवा कुंपणावर ठीक आहे. जमिनीवर मात्र चालणं, खुर्च्या ओढणं, पाणी साचणं, आणि खालून ओल चढली की पोपडे निघतात. एकदा पोपडे सुटले की सगळं खरवडून काढल्याशिवाय पुढचा हात मारता येत नाही, आणि ते काम ज्याने केलंय त्यालाच विचारा. म्हणून ज्या डेकचं लाकूड अजून धड आहे त्याला मी सॉलिड कधीच सुचवत नाही. फळ्या फारच डागाळलेल्या, ठिगळं लावलेल्या असतील तर गोष्ट वेगळी.

तुमच्यासाठी सेमी-ट्रान्सपरंट, तोही लाकडात मुरणारा ऑइल बेस. रेषा दिसतात, पोपडे सुटत नाहीत, हळूहळू फिका पडत जातो आणि दोन-तीन वर्षांनी स्वच्छ करून वरून नवा हात मारता येतो. तुमच्या फिक्या-गडदच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. स्टेन पारदर्शक असतो, खालचा रंग त्यातून दिसतोच, त्यामुळे फिक्यावरून गडदवर कधीही जाता येतं, गडदवरून फिक्यावर यायचं तर आधीचा सगळा उतरवावा लागतो. द्विधा मन:स्थिती असेल तर फिक्या बाजूने सुरुवात करा.

राहिला शेडकार्डचा विषय. ती चिप कोऱ्या, घासलेल्या लाकडाची असते, तुमचं लाकूड पाइन, जुनं, पिवळट, कदाचित ट्रीटमेंटमधल्या तांब्याने किंचित हिरवट. डब्यातला रंग अधिक खालच्या लाकडाचा रंग असा हिशोब असतो, म्हणून तोच शेड दोन घरी दोन वेगळे दिसतात. आणि सीडर, वॉलनट, चेस्टनट ही नुसती नावं आहेत, त्यांचं कुठलं प्रमाण ठरलेलं नाही, ज्याची त्याची कंपनी.

धागाकर्ती

बापरे किती सविस्तर, खूप आभार! सेमी-ट्रान्सपरंट आता फिक्स. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर तो म्हणतो मग सेमी-ट्रान्सपरंटमध्येच करडा घेऊ 😀 तो काही मागे हटत नाहीये. पाइनवर करडा कसा दिसेल? आणि अजून एक, आज फळ्यांवर थोडं पाणी शिंपडून बघितलं (असं करायचं असतं हे कुठेतरी वाचलं होतं), करड्या भागात पाणी लगेच मुरलं पण जिन्याजवळ थेंब तसेच गोल बसून राहिले, बऱ्याच वेळाने मी परत बघायला गेले तेव्हा अजून तिथेच होते. हे चांगलं की वाईट?

प्रतिसाद

थेंब बसून राहिले म्हणजे तिथे जुना स्टेन अजून जिवंत आहे, नवा तिथे मुरणारच नाही. वर चिकट राहील आणि रंगही वेगळा दिसेल, जिन्याजवळ एक पट्टा आणि बाकी डेक दुसरा. तेवढ्या भागाला स्ट्रिपर लावून किंवा घासून जुना काढा. घासताना फार बारीक पेपर वापरू नका, ६० किंवा ८० नंबर पुरे, बारीक पेपरने लाकूड इतकं गुळगुळीत होतं की स्टेन आत जात नाही. लोक फर्निचरसारखं चकचकीत घासतात आणि मग म्हणतात कंपनी बोगस.

उरलेल्या डेकला सोडियम परकार्बोनेटवाला डेक क्लीनर लावून ब्रशने घासून धुवा. क्लोरीनचं ब्लीच नको, त्याने रेषे खराब होतात. मग ब्राइटनर, म्हणजे ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवाला. तो लावला की करडं लाकूड बघता बघता उजळतं, खिळ्यांच्या डोक्याभोवती जे काळे ओघळ असतात तेही बरेचसे जातात. स्ट्रिपर वापरला असेल तर ब्राइटनर चुकवू नका, स्ट्रिपर क्षारीय असतो आणि लाकूड काळवंडवतो, अ‍ॅसिडने ते परत जागेवर येतं. दोन्ही वापरताना हातमोजे आणि चष्मा, आजूबाजूची झाडं आधी पाण्याने भिजवून ठेवा. प्रेशर वॉशर लावणार असाल तर जपून, पाइन मऊ असतं, जोर जास्त झाला की रेषे उभे राहतात आणि मग पोरांच्या पायात कुसळं भरतात.

रंगाचा निर्णय हे सगळं झाल्यावर घ्या. आत्ताच्या करड्या फळीवर नमुना लावून काही कळणार नाही.

प्रतिसाद

करड्याबद्दल मी सांगतो, कारण आमच्याकडे करडाच आहे. पाइन मुळात पिवळं, त्यावर निळसर झाक असलेला करडा पारदर्शक स्टेन मारला की हिरवट दिसायची शक्यता असते. करडाच हवा असेल तर तपकिरीकडे झुकणारा घ्या, कंपन्या त्याला ड्रिफ्टवुड वगैरे नावं देतात. तो तुमच्या क्रीम भिंतीलाही चालेल आणि चौकटींनाही, म्हणजे नवराबायको दोघांचं समाधान. शुद्ध थंड करडा क्रीम भिंतीशेजारी मळका दिसतो असं माझं मत. करड्याचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही, फिका पडला तरी कळत नाही, कारण लाकूड शेवटी करडंच होणार असतं. रेडवुडसारखे लाल शेड उलटे, ते उतरताना गुलाबीसर होतात आणि लगेच नजरेत भरतात.

प्रतिसाद

अवांतर: डेक जुना आहे म्हणता, किती जुना माहीत आहे का? पूर्वीच्या ट्रीटेड लाकडात सीसीए असायचं, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. अमेरिकेत घरगुती कामांसाठी ते २००३ अखेर बंद झालं. त्या काळातलं लाकूड असेल तर सॅंडिंग टाळा, करावंच लागलं तर चांगला मास्क लावा, भुसा गोळा करा, आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवा.

धागाकर्ती

@अवांतर, बरं झालं सांगितलंत. जुन्या मालकांकडून नक्की वर्ष कळेपर्यंत घासणार नाही, जिन्याजवळ स्ट्रिपरच लावते.

तर आता तीन शेड काढलेत. मधला तपकिरी, ड्रिफ्टवुड (नवऱ्याचा), आणि वॉलनट पण नमुन्यापुरताच, उन्हाचं ऐकल्यावर माझाही उत्साह जरा उतरलाय. नमुने कसे लावू? एकाच फळीवर शेजारी शेजारी लावले तर चालतील का? आणि एक हात की दोन?

प्रतिसाद

शेजारी शेजारी नको, रंग एकमेकांना फसवतात. प्रत्येक शेडला एक-दीड फुटाचा तुकडा, मध्ये कोरी जागा सोडून. एक सेट उन्हात, एक झाडाखाली. डबा आधी तळापासून ढवळा, पिगमेंट खाली बसलेलं असतं, नुसतं वरवर ढवळून लावलं तर नमुना फिका येईल आणि शेवटचा डेक गडद. प्रत्येक तुकड्याच्या अर्ध्या भागावर दुसरा हात द्या, म्हणजे फरक कळेल. पण डब्यावर एकच हात लिहिला असेल तर दुसऱ्याच्या फंदात पडू नका, लाकूड जेवढं पितं तेवढंच पाजायचं, १५-२० मिनिटांनी वर राहिलेला स्टेन फडक्याने पुसून घ्यायचा, नाहीतर ते चकाकणारे चिकट डाग कायम पायाला लागतात.

ओला रंग बघून ठरवू नका, ओला नेहमी गडद दिसतो. पूर्ण वाळला की सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बघा, एकदा खिडकीतून पण बघा, कारण वर्षातले निम्मे दिवस तुम्ही तो आतूनच बघणार आहात.

प्रत्यक्ष काम करताना एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात संपवा, मध्ये थांबलात की जोड दिसतो. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजा, पाणी तिथूनच आत शिरतं. ऊन डोक्यावर असताना करू नका, मुरायच्या आधीच वाळतो. आणि डबे दोन-तीन लागणार असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करून घ्या, डब्याडब्यात थोडा फरक असतोच.

प्रतिसाद

फडक्यांचं कोणीच बोललं नाही! ऑइल बेस स्टेन पुसलेली फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि गुंडाळलेल्या ढिगात आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक मोकळं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. खरंच आगी लागतात याने.

धागाकर्ती

हे अजिबातच माहीत नव्हतं, धन्यवाद!! या आठवड्यात धुवून ब्राइटनर लावते, वाळायला दोन-तीन कोरडे दिवस मिळाले की नमुने लावून फोटो टाकते. रेलिंगलाही तोच शेड द्यायचा का हे आता नवऱ्याने काढलंय, त्याला तिथे तरी गडद करडा हवाय.

प्रतिसाद

द्या की. रेलिंगवर कोणी चालत नाही, पाणी साचत नाही, तिथे सॉलिडसुद्धा टिकतो. खाली मधला तपकिरी सेमी-ट्रान्सपरंट आणि रेलिंग चौकटींच्या करड्यात सॉलिड, चांगलं दिसतं. फक्त रेलिंग आधी रंगवा, थेंब खाली पडतात. आणि खाली प्लास्टिक अंथरा, सॉलिडचा थेंब कोऱ्या फळीवर पडला की तो सेमी-ट्रान्सपरंटमधून आरपार दिसतो.