मदत हवी आहे: रहाडीतल्या उडीचा फोटो व्हिडिओतून कसा काढू?

तिवंध्याची_पोर:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना सत्तर पूर्ण होतायत. घरात त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण सगळे लग्नकार्यातले, वरची गुंडी लावून पोलिसात हजेरी दिल्यासारखे. वेगळे बाबा एकाच ठिकाणी सापडतात: २००४ ची रंगपंचमी, तिवंधा चौकातली रहाड. (नाशिकबाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीतला रंगाचा हौद. एरवी बुजवलेला असतो, वरून रहदारी चालते. रंगपंचमीला उघडतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. तिवंध्याचा रंग पिवळा.) बाबा काठावरून उडी घेतात, दोन्ही हात वर, एका हातात चष्मा. मला तो क्षण हवाय, हवेतला.

काकांनी हँडीकॅमवर मिनी डीव्ही कॅसेटवर शूट केलं होतं. त्याची नंतर दुकानातून डीव्हीडी करून घेतली. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये पॉज करून स्नॅपशॉट घेतला तर बाबांच्या अंगावर कंगव्याने ओढल्यासारख्या आडव्या रेषा येतात. बाजूला उभी असलेली माणसं मात्र स्वच्छ! मेन रोडवरच्या एका स्टुडिओत दाखवलं, तर त्यांनी मान हलवली आणि "व्हिडिओचा फोटो होत नाही ताई" म्हणून पुढचं गिऱ्हाईक घेतलं. खरंच होत नाही का? आठ बाय बाराची प्रिंट काढायची आहे.

जुनी_कॅसेट:
होतो की. रेषांचं कारण सोपं आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची. आधी एकाआड एक रेषा टिपल्या जातात, उरलेल्या १/५० सेकंदाने नंतर. तेवढ्यात बाबा खाली आले, बाजूचे लोक जागच्या जागी राहिले. म्हणून कंगवा फक्त बाबांना.

यावर उपाय डीइंटरलेसिंग, म्हणजे हे दोन अर्धे वेगळे करून प्रत्येकाचं पूर्ण चित्र बनवणं. पण तुम्ही फ्रेम काढूच नका, अर्ध्या काढा. सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रं मिळतील, म्हणजे हवा तो क्षण सापडायची शक्यता दुप्पट. एफएफएमपेग हा व्हिडिओवर काम करणारा प्रोग्राम वापरायला घ्या. कमांड लिहावी लागते, घाबरू नका, एकाच ओळीचं काम आहे: उडीच्या जरा आधीची वेळ द्या, कालावधी दोन सेकंद, फिल्टर बीडब्ल्यूडीआयएफ, आउटपुट क्रमांकवार पीएनजी. हा फिल्टर आपणहून ५० देतो. याडिफ हा दुसरा फिल्टर घेतलात तर मोड एक सांगावा लागतो, नाहीतर २५ वरच थांबतो. जेपीजी नको, त्यात चित्र पुन्हा कॉम्प्रेस होतं आणि डीव्हीडीत आधीच एकदा झालंय.

चित्रं ओळीने पाहताना बाबा खाली-वर-खाली असे उचकी लागल्यासारखे हलले, तर अर्ध्यांचा क्रम उलटा लागलाय. डीव्ही कॅसेटमध्ये खालचा अर्धा आधी असतो आणि डीव्हीडी करणारे हे बऱ्याचदा विसरतात. फिल्टरला क्रम हाताने सांगा.

उंटवाडीकर:
एवढा खटाटोप कशाला? मोबाईलने टीव्हीचा फोटो काढा.

जुनी_कॅसेट:
काढा, आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंबही फ्रेम करून घ्या.

पिक्सेलपंत:
ताई, दोन गोष्टी. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ साठवलेलं असतं, पण पिक्सेल चौरस नसतात. तसंच सेव्ह केलं तर बाबा बारीक दिसतील. (त्यांना आवडेल कदाचित.) ७६८ बाय ५७६ करून घ्या, म्हणजे माणूस माणसासारखा दिसतो.

दुसरं, आठ बाय बारा विसरा. ७६८ पिक्सेल बारा इंचांवर पसरले तर इंचाला ६४ येतात. चांगल्या प्रिंटला ३०० धरतात, म्हणजे नीट आकार अडीच इंच. चार बाय सहा हाताच्या अंतरावरून चालून जाईल. शिवाय अर्ध्या फ्रेममध्ये खऱ्या आडव्या रेषा २८८च, बाकीच्या अंदाजाने भरलेल्या. एआयने मोठं करून देणारी ॲप्स आहेत, पण चेहरा एवढा छोटा असेल तर ती दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा बसवतात. मी आजीवर करून पाहिलंय. फोटो छान आला, आजी नव्हती त्यात.

माझं ऐका, एक फोटो शोधू नका. उडीचीच पाच-सहा चित्रं छोटी-छोटी आडवी ओळीने एका लांब फ्रेममध्ये लावा.

जुनी_कॅसेट:
हे झकास. आणि मूळ कॅसेट आहे का? डीव्हीचा डेटा सेकंदाला २५ मेगाबिट, डीव्हीडीवर व्हिडिओला कमाल ९.८. दुकानवाले एका तबकडीत जास्त तास बसवायला त्याहून बरंच खाली उतरतात. कॅसेटवरून फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी केबल) थेट घेतलं तर पाण्याच्या तुषारांत डीव्हीडीच्या कॉम्प्रेशनचे चौकोनी ठिपके दिसणार नाहीत.

तिवंध्याची_पोर:
कॅसेट माळ्यावर सापडली, हँडीकॅम कधीच भंगारात गेला. काकांच्या एका मित्राकडे चालू कॅमेरा आणि फायरवायरचं जुनं कॉम्प्युटर निघालं, दोन्ही त्याने "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं. रविवारी जाते.

तिवंध्याची_पोर:
झालं! क्रम खरंच उलटा लागला होता, उचकीचं वर्णन वाचलेलं म्हणून लगेच ओळखला. पाय सुटल्यापासून पाण्याला लागेपर्यंत ३१ चित्रं निघाली. त्यातली सहा घेतली, अडीच इंचांची, एका ओळीत. चष्मा म्हणजे तीन-चार चकाकते ठिपके आहेत, पण आहे. आईला आधी दाखवलं. तिला सहावं नकोय, त्यात पोट दिसतं म्हणाली. मी ठेवणार आहे.

आता एकच विचारते: पिवळा रंग बाह्यांच्या बाहेर सांडल्यासारखा दिसतो, ते माझं चुकलं की कॅसेटमध्येच तसं?

पिक्सेलपंत:
कॅसेटमध्येच. रंगाची माहिती उजेडाच्या चौथाई तपशिलात साठवतात. तशीही रहाडीत रंग बाहीच्या आत कुठे राहतो?