228 लिटरची भिशी आणि बीअरला सुटलेली तार, ओतून द्यायची का?

गॅरेजमालक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. आम्ही सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली बारा घरं, ओळख मंडळाच्या गणपतीतली. सहासात जण आधीपासून घरी बीअर बनवायचे, बाकीच्यांना आम्ही नादी लावलं. गेल्या ऑक्टोबरात सोनोमाच्या एका वायनरीतून पिनो न्वार या रेड वाइनसाठी वापरलेलं बॅरल आणलं, 228 लिटरचं. हिशोब सोपा होता, प्रत्येकाने आपापल्या घरी 5 गॅलन म्हणजे 19 लिटरची बॅच करायची, रेसिपी सगळ्यांची एकच, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) अगदी नावाला, बीअरचं साधं एल यीस्ट घालून दोन आठवडे घरीच आंबवायची आणि एका शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये आणून ओतायची. बायको म्हणाली ही तर भिशीच झाली, फक्त नंबर कधी लागणार ते कोणालाच माहीत नाही.

ओतल्यावर त्यात आंबट बीअरसाठी मिळतं ते मिश्र कल्चर, म्हणजे यीस्ट आणि जीवाणूंचं विरजण घातलं. तेव्हा ग्रॅव्हिटी (आंबेल तशी उतरते, साखर किती उरली ते कळतं) 1.014 होती, जानेवारीत 1.010, आता जूनमध्ये 1.008 आणि पीएच 3.5. मार्चपर्यंत चव मस्त लागत होती, चेरीसारखी, थोडी चिंचेकडे झुकणारी. दर पॉटलकला बूच काढून सगळे चाखायचे. आणि मागच्या रविवारी नळीने ग्लासात काढली तर धार तुटेचना!! आधी वाटलं एकतारी पाक झालाय, पण खरं सांगायचं तर भेंडीच्या भाजीला सुटते ना तशी तार. वास पॉपकॉर्नवरच्या खोट्या बटरचा. वर पांढरी साय आहेच, ती आधीपासून होती. आणि बुचाखाली चारेक बोटं जागा रिकामी दिसतेय.

आता ग्रुपवर महाभारत चालू आहे. पाच जण म्हणतात ओतून टाका, चार जण म्हणतात थांबा, दोघं काहीच बोलत नाहीत, फक्त अंगठे दाखवतात. एक जण ऑगस्टमध्ये टेक्सासला शिफ्ट होतोय, त्याला जायच्या आधी त्याचे 19 लिटर हवेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळे मिळून एकाच माणसावर घसरलेत, कारण त्याने जुनी ओरखडे पडलेली बादली वापरली होती. तो बिचारा ग्रुप सोडून गेला परवा.

तर प्रश्न असा की ही बीअर मेली का? आणि मेली नसेल तर नक्की काय करायचं?

आंबटशौकीन

ओतलीत तर माझ्याशी गाठ आहे!

मी ओरेगनला असतो, तीन बॅरलं झाली आमच्या गँगची, त्यातल्या दोनांना तार सुटली होती. होमब्रूवाले याला बीअर आजारी पडली म्हणतात आणि तो आजार आपोआप बरा होतो. तुमच्या कल्चरमध्ये पेडिओकॉकस नावाचा जीवाणू असणारच. तो आंबटपणा आणतो पण सोबत ही बुळबुळीत साखळ्यांची भानगडही तयार करतो, आणि ते बटर पण त्याचंच. आता त्याच बॅरलमध्ये ब्रेट म्हणजे ब्रेटॅनोमायसीस यीस्ट बसलंय, ते अतिशय संथ आणि अतिशय खादाड आहे, बाकीच्यांना जे पचत नाही ते ते खातं. तार पण खाईल, बटर पण खाईल. आमच्याकडे एकदा अडीच महिने लागले, एकदा जवळपास पाच. गरमी सुरू झाली की तार सुटते हे पण नेहमीचंच, तुमचं गॅरेज जूनमध्ये तापत असेल.

पण तुमच्या पोस्टमधली खरी घाबरायची गोष्ट तारेची नाहीये. दर पॉटलकला बूच काढता?? अहो, लोणच्याच्या बरणीत कोणी ओला हात घातला तर आज्जी घर डोक्यावर घ्यायची की नाही? तसंच आहे हे. लाकडातून बीअर उडत राहते, जागा रिकामी होते, त्यात तुम्ही दर महिन्याला ताजी हवा भरताय. हवा मिळाली की असिटोबॅक्टर जागा होतो आणि मग अल्कोहोलचं व्हिनेगर. तार परत जाते, व्हिनेगर परत जात नाही.

आमचं दुसरं बॅरल असंच गेलं. दहा घरं, प्रत्येकाला वाटायचं टॉप-अप दुसऱ्याने केलं असेल, आणि बूच उघडायला मात्र सगळे पुढे. वर्षाने उघडलं तर नाकात झणका. दोन वर्षं दहा घरांच्या काकडीच्या कोशिंबिरीत तेच पडत होतं, अजून एकाकडे दोन बाटल्या आहेत.

तर आजच करायचं ते म्हणजे साधी स्वच्छ बीअर बनवून बॅरल बुचापर्यंत भरा, चार बोटं म्हणजे आठनऊ लिटर सहज लागेल. आणि चव बघायची हौस असेल तर बॅरलच्या सपाट तोंडाला, मधोमध जरा खालच्या अंगाला, बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोका. खिळा उपसला की पिचकारीसारखी बारीक धार येते, ग्लास भरला की खिळा परत ठोकायचा, वरून बूच उघडायची गरजच नाही. रशियन रिव्हर ब्रुअरीच्या व्हिनी सिलुर्झोने ही युक्ती लोकांना दाखवली म्हणून त्याला व्हिनी नेल म्हणतात, ती ब्रुअरी तर तुमच्या सोनोमातलीच. खिळा स्टेनलेसचाच हवा, साधा घातलात तर गंजाची चव येईल. आणि सारखं सारखं नाही हं, दोन महिन्यातून एकदा.

लॅबवाली_ताई

वरच्या दादांना अनुमोदन. मी मायक्रोबायोलॉजीवाली, घरी बीअर बनवत नाही, नवरा बनवतो आणि मी नावं ठेवते.

आधी त्या बादलीवाल्याला परत ग्रुपमध्ये घ्या. त्याच्या बादलीने तार सुटली असं म्हणायला काहीही आधार नाही, पेडिओकॉकस तुम्ही स्वतः पाकिटातून घातलंत, सगळ्यांनी मिळून. घरी इडलीचं पीठ बिघडलं की मिक्सरला दोष द्यायचा त्यातला प्रकार झाला हा.

मात्र ओतायच्या दिवशी तुम्ही कोणाचीच बॅच चाखली नाहीत असं दिसतंय, ते चुकलंच. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते का, सगळ्या गावाचं दूध ओतूनही गाभारा भरत नव्हता आणि म्हातारीच्या खुलभर दुधाने भरला? बॅरलमध्ये ती कहाणी उलटी चालते. अकरा जणांनी चांगलं ओतलं आणि बाराव्याचं व्हिनेगरकडे झुकलेलं असलं तर ते पण सगळ्यांच्या वाट्याला येतं. नासका आंबा एकच पुरतो अढीला. त्यामुळे पुढच्या वेळी बारा ग्लास मांडायचे, बारा जणांनी सगळे चाखायचे, एकालाही शंका आली तर ती बॅच आत जाणार नाही, आणि हा नियम माल्ट म्हणजे बीअरचं धान्य विकत घ्यायच्या आधी ठरवायचा. नंतर ठरवला की तो नियम राहत नाही, त्या माणसाचा अपमान होतो.

प्यायला भीती आहे का असं कोणी विचारायच्या आधी सांगते, 3.5 पीएच आणि वर सहाएक टक्के अल्कोहोल, त्यात माणसाला आजारी पाडणारे जंतू टिकाव धरत नाहीत. तार दिसायला घाण आहे, एवढंच.

आणि टेक्सासवाल्यांना कृपया आत्ता 19 लिटर काढून देऊ नका. एक तर तेवढी जागा रिकामी होईल, आणि दुसरं म्हणजे बाटल्या फुटतील. ब्रेट थांबलेलं नाहीये. ग्रॅव्हिटी 0.001 उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बीअरच्या निम्म्या आकारमानाइतका गॅस तयार होतो, तुमची 1.008 आहे आणि ती 1.002 पर्यंत गेली तर बंद बाटलीत तीन व्हॉल्यूम, वर तुम्ही फेसासाठी साखर घालणार ती वेगळीच. माझ्या नवऱ्याने एकदा घाई केली होती, कोठीच्या खोलीच्या छतात काचेचा तुकडा रुतलेला अजून आहे, मी मुद्दाम काढू देत नाही.

ब्रसेल्सकर

इकडे ब्रसेल्समध्ये कँटियों नावाच्या ब्रुअरीमध्ये जाऊन बघा कधी आलात तर. जुनी जागा, कोळ्याची जाळी तशीच ठेवतात, ओळीने बॅरलं, आणि प्रत्येकात लँबिक ही इकडची आंबट बीअर, एक, दोन, तीन वर्षं पडलेली. मग वेगवेगळ्या वर्षांची मिसळून ग्वेझ नावाची बीअर करतात, एकच बॅरल चांगलं निघेल यावर कोणी विसंबत नाही. आठ महिने म्हणजे इकडच्या हिशोबाने बारसं पण झालेलं नाही हो तुमच्या बीअरचं.

एक सुचवू का, सगळं एकदम बाटलीत भरू नका. निम्मं काढा आणि तेवढीच नवीन बीअर ओता, म्हणजे विरजण कायम राहील आणि दरवर्षी भिशी फुटेल. बॅरल एकदा मोकळं पडलं की ते सांभाळणं भरलेल्यापेक्षा अवघड असतं, लाकूड वाळतं, फटी पडतात, आत बुरशी धरते.

पुणेरी_पाहुणा

वाचून तोंडाला पाणी सुटलं. कोथरूडला फ्लॅटच्या बाल्कनीत छोटं बॅरल ठेवून असं काही जमेल का? लायसन वगैरे काय लागतं?

आंबटशौकीन

पाहुणे, नाही जमणार. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, घरी हौस म्हणून बीअर बनवायचं लायसन त्यात मिळत नाही. तुमच्या पुण्यात 2009 मध्ये डूलाली निघाली, जागेवरच बीअर बनवून देणारा पब, अशा एखाद्या पबात जाऊन प्या. आंबवायची खाज असेल तर कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा करा, जंतूंचं राजकारण तेच असतं. अमेरिकेतही 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरने सही करेपर्यंत घरची बीअर बेकायदाच होती. आता मोठ्या माणसामागे वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा जास्त मोठी माणसं असलेल्या घराला 200, पण विकायची नाही. म्हणून गॅरेजमालक, टेक्सासवाल्यांचा वाटा कोणी विकत घेतो म्हणत असेल तर त्या फंदात पडू नका, आणि पोस्टाने पाठवायचा विचारही नको, चालत नाही. त्यांच्या नावाने बाटल्या बाजूला ठेवा, दिवाळीला नाहीतर पुढच्या गणपतीला येतीलच की.

गॅरेजमालक

ऑक्टोबर संपत आला, अपडेट द्यायचं राहून गेलं होतं, सॉरी.

ओतली नाही. जूनमध्येच खिळा ठोकला (पहिला वाकडा गेला, गॅरेजची भिंत आंघोळ करून निघाली). ऑगस्टमध्ये तार होतीच, मला तर जास्तच वाटली, तेव्हा खरं सांगतो मीच डगमगलो होतो, पण बायकोने खिळा उपसायची पक्कड लपवून ठेवली. सप्टेंबरच्या शेवटी धार तुटायला लागली. परवा चाखली तर पातळ, स्वच्छ, बटर गायब, चेरी परत आलीये आणि मागे ओल्या गोणपाटासारखा आणि चामड्यासारखा वास, तो म्हणे ब्रेटचा. व्हिनेगरची अगदी बारीक कड आहे, ती आमच्या पॉटलकची कमाई. ग्रॅव्हिटी 1.004. तीन महिने हलली नाही तरच बाटल्या भरायच्या, त्या पण शँपेनच्या जाड बाटल्या, आणि ताजं वाईन यीस्ट थोडं घालून कारण आतलं आता दमलं असेल. नळ्या, सायफन, सगळं प्लॅस्टिक या बॅरलसाठी वेगळं काढलंय, लाल टेप लावून, म्हणजे हे जंतू दुसऱ्या बीअरमध्ये जायला नकोत.

टेक्सासवाले रुसून गेले, फोनवर आता बरं बोलतात.

आणि हो, टॉप-अपची बीअर बादलीवाल्यानेच बनवली, नवीन बादलीत, मुद्दाम बिल दाखवून. नऊ लिटर आणली होती. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ओतायच्या आधी सगळ्यांनी चाखली, मग परत एकदा चाखली, नीट कळलं नाही म्हणून तिसऱ्यांदा चाखली. बॅरलमध्ये सहाच लिटर गेली. अजून तीन लागतील, तो म्हणतो आता तुम्ही करा.