परग्रहावरची लिपी आपल्याला वाचता येईल?

खाडीकाठ (राजापूर):
'अरायव्हल' (२०१६) पुन्हा पाहिला. टेड चियांगच्या १९९८च्या कथेवरचा. सात पायांचे परग्रहवासी शाईसारख्या कशाने तरी हवेत वर्तुळं उमटवतात, अख्खं वाक्य एकदम, आणि एक भाषातज्ज्ञ बाई ते वाचायला शिकते. कल्पना अप्रतिम, पण वाचता येणं मला पटत नाही.

आमच्या बारसूच्या सड्यावर या. कातळात कोरलेला माणूस, दोन्ही बाजूंना वाघ. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या आत आणखी प्राणी. ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. हत्ती ओळखू येतो, पण काही ठिकाणच्या चौकोनी नक्षीचा अर्थ खात्रीने सांगणारा कोणी नाही. ही लिपी नव्हे, मान्य. पण कोरणारी माणसंच होती ना? सिंधू लिपीचंही तेच: एका लेखात सरासरी पाचेक चिन्हं, आणि सोबत ओळखीच्या भाषेतला मजकूर कुठेच नाही. माणसांचंच लागत नाही, तिथे परग्रहाचं काय लागणार?

मोडीवाचक (रत्नागिरी):
ठाम असहमत. दोन गोष्टींची गल्लत होतेय. सिंधूकाठी लिहिणारे केव्हाच गेले. इथे लिहिणारे पडद्यापलीकडे समोर आहेत. ती बाई फळ्यावर 'मानव' लिहून स्वतःकडे बोट दाखवते, सहकारी चालून दाखवतो, पलीकडून वर्तुळ येतं. ही भाषा शिकण्याची रीत झाली. दुभाष्या नसताना अनोळखी भाषेवर काम करणारे अभ्यासक असंच करतात. कर्नलला घाई असते, 'पृथ्वीवर कशाला आलात' एवढंच विचारायचं असतं. त्या एका प्रश्नाआधी काय काय समजलेलं असावं लागतं, हे ती फोड करून दाखवते. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात खरा प्रसंग तो.

खाडीकाठ:
बोट दाखवणं तरी त्यांना कळेल कशावरून? मूळ कथेत त्यांना चहूबाजूंनी सात डोळे आहेत, पुढची बाजू-मागची बाजू हा प्रकारच नाही.

जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाचं घ्या. १८३७मध्ये ब्राह्मी ही अशोकाच्या काळची लिपी सुटली ती सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांमुळे. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. देवस्थानाला लोक देणग्या देतात हे ठाऊक होतं, म्हणून ही 'दानं' असणार असं त्याने ताडलं. रीत ठाऊक नसती तर तो तिथेच अडला असता.

मोडीवाचक:
हे मात्र शंभर टक्के खरं. माझा रोजचा अनुभव आहे. जुन्या खरेदीखतात शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, ओळ सलग धावते. अडलो की चतुःसीमा काढतो: पूर्वेस अमक्याचं आगर, पश्चिमेस खाडी, दक्षिणेस वहाळ. गाव माहीत असलं की अक्षर सुटतं.

पण सामाईक असं काहीतरी परग्रहवासीयांशीही निघतंच. चियांगच्या कथेत भौतिकवाल्यांची कोंडी फुटते ती फर्माच्या तत्त्वावर: प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो, म्हणून पाण्यात शिरताना वळतो. आपल्याला जे गणित अवघड, ते त्यांना सोपं निघतं. पाणी आणि प्रकाश त्यांचेही तेच आहेत.

आगरवाट (गुहागर):
मला दोघांचंही अर्धंच पटतं. लिपी शिकता येईल, पण ती शिकून बाईला पुढचं आयुष्य आधीच दिसू लागतं, त्याचं काय? भाषेनुसार विचारांना थोडं वळण लागतं इतपत आधार अभ्यासात आहे. भाषा काळाचं भानच पालटून टाकते याला नाही.

खाडीकाठ:
आगरवाट, तिथे मी कथेच्या बाजूने. मोठ्या तर्काला तेवढी मोकळीक हवीच. माझी हरकत त्याआधीच्या पायरीला आहे. मोडीवाचक, प्रकाशाचं वळणं सामाईक, कबूल. त्यावरून 'पाणी' आणि 'वाट' जमेल. 'का आलात' यातला 'का' कुठल्या वस्तूकडे बोट दाखवून शिकवणार?

मोडीवाचक:
वस्तूकडे नाही, कृतीकडे. दार बंद, मी किल्ली घेतो, दार उघडतं. किल्ली घेतली आणि दार आधीच उघडं असलं, तर ती तशीच ठेवून देतो. हे दहा वेळा करून दाखवलं की हेतू दिसायला लागतो.