किचनची जुनी शटर्स घरीच नवी करायचीत, कशी करू?

नमस्कार मंडळी, आमच्या किचनच्या कपाटांना बारा-तेरा वर्षं झाली. आतले खोके धड आहेत पण शटर्सचं, म्हणजे दारांचं, लॅमिनेट (वरची सनमायका) कडेनं सुटायला लागलंय आणि सिंकखालचं एक शटर चांगलंच फुगलंय. सगळं तोडून नवं करायचं मनात नाही. जुन्यावरच लॅमिनेट लावू, विनाइल फिल्म लावू की रंग देऊ? ड्रिल मशीन वापरता येतं, सुतारकाम कधी केलेलं नाही. स्वतः केलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
आधी खोके नीट तपासा, मग शटर्सचं बघू. सिंकखालच्या तळफळीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा, भुसभुशीत लागलं तर आधी ती फळी बदला. फुगलेलं शटर पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असेल तर ते वाळलं तरी परत बसत नाही, घासत बसू नका, तेवढं एक नवीन कापून घ्या. विनाइल मी लावलं होतं, दिसायला छान, पण शेगडीशेजारची कड गरम होऊन होऊन उचलली आणि शेवटी सगळं सोलून काढावं लागलं. म्हणून माझं मत लॅमिनेटला.

प्रतिसाद २
लॅमिनेटच. फक्त जाडीचा हिशोब आधी करा, मी केला नव्हता. शीट १ मिमीची, समोरून तेवढं वाढलं तर काही बिघडत नाही, पण कडांनाही जुन्या पट्टीवर नवी पट्टी लावली की शटर दोन्हीकडून रुंद होतं आणि दोन शटर्समध्ये जागाच असते २-३ मिमी, मग ती एकमेकांना घासतात. माझी सगळी शटर्स चिकटवून झाल्यावर हे कळलं, परत कडा सोलत बसलो. तेव्हा कडेची जुनी पट्टी आधी काढा. समोरचं जुनं लॅमिनेट घट्ट असेल तर राहू द्या, फक्त साबणानं तेलकटपणा पूर्ण काढून, वाळवून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासा.

धागाकर्ता
खूप उपयोगी! गोंद कुठला? पांढरा फेविकॉल चालेल?

प्रतिसाद २
लॅमिनेटवर लॅमिनेट असेल तर नको, त्यातलं पाणी शोषायला खाली लाकूडच नसतं त्यामुळे तो नीट धरत नाही. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह घ्या. शटरवर आणि शीटच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे पातळ थर, बोटाला लागत नाही इतका सुकू द्यायचा, मग टेकवायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मध्ये बारीक काठ्या आडव्या ठेवून वर शीट धरायची आणि मधली काठी आधी काढून मधून कडांकडे दाबत जायचं. शीट चारी बाजूंनी ५ मिमी मोठी कापा, जास्तीची नंतर ट्रिमरनं (कड छाटायच्या छोट्या मशीननं) उडवा. आणि या गोंदाची वाफ पटकन पेट घेते, हे काम किचनमध्ये अजिबात करू नका, शटर्स काढून मोकळ्या हवेत न्या.

प्रतिसाद ३
शटर काढतानाच प्रत्येकावर आणि त्याच्या खोक्यावर मास्किंग टेप लावून नंबर टाका. हिंजच्या स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर गोंदात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून, सुकल्यावर परत स्क्रू पिळा. उंच शटरला फक्त समोरून लॅमिनेट लावलं तर ते पुढेमागे वाकू शकतं, त्याला आतूनही लावा.

धागाकर्ता
उंच शटर एकच आहे, त्याला दोन्हीकडून लावतो. आधी कोपऱ्यातलं खालचं, जे सहसा दिसत नाही, त्या शटरवर हात बसवून बघतो.