कांद्याला औषध विचारलं, मिळाला ‘ण’

रानवारा (धागाकर्ता): आमच्या तालुक्यातल्या कांदा उत्पादकांच्या गटावर परवा एका पोराने पातीचा फोटो टाकला. पातीवर लांबट जांभळे डाग. खाली लिहिलं, ‘हा कोनता रोग आहे आनी पानी बंद करू का?’ पहिलं उत्तर आलं: ‘कोणता, आणि, पाणी.’ बस्स, एवढंच. वर त्याला अंगठेही मिळाले. पोराने पोस्ट काढून टाकली.

कुणी विचारलं नसेल तर चारचौघांत दुसऱ्याचं लेखन सुधारू नये, असं माझं मत. करपा ओळखता येत नव्हता तर गप्प बसायचं!

काना_मात्रा: उत्तर न देता नुसती चूक दाखवणं हा आगाऊपणा, मान्य. पण म्हणून सुधारूच नये? मी मुद्रितशोधन करते. हल्ली लोक पुस्तकापेक्षा मोबाईलवरच जास्त मराठी वाचतात, आणि डोळ्याला रोज दिसतं तेच हातातून उतरतं. ‘शिर’ म्हणजे डोकं, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. फरक पडतो.

ठोंब्या: आली शिर-शीर! दर वेळी हीच जोडी, फार तर दिन-दीन. ‘हाताची शिर सुजली’ वाचून हाताला डोकं फुटलंय असं वाटतं का कुणाला?

आणि नियम तरी बघा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’ लिहिणारा शहाणा होता, नंतर तोच चुकीचा ठरला. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, का तर संस्कृतात तो ‘कवि’. म्हणजे मराठी लिहायला आधी संस्कृत शिका.

काना_मात्रा: किचकट आहेत म्हणूनच कुणीतरी सांगायला हवं ना?

बांधावरून: तो जांभळा करपा असनार. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १० लिटर पान्याला २५ ग्रॅम, सोबत स्टिकर म्हंजे चिकटवनारं द्रव्य घाला, नायतर कांद्याच्या पातीवरून औषध घसरून जातं. पानी साचू देऊ नका. चालू द्या तुमचं.

झेडपीवाली: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात बोलताना ‘ण’ येतच नाही, घरी मीही ‘पानी’च म्हणते. पण माझी पोरं उद्या पोलीस भरतीला बसणार. तिथे व्याकरणावर प्रश्न असतात, बोलीचं कौतुक म्हणून कुणी मार्क देत नाही. ‘असू दे, कळलं ना’ म्हणणारे बरेच जण स्वतःच्या मुलांकडून इंग्रजी स्पेलिंगं मात्र घोकून घेतात. गावाकडच्या पोरांपुरता हा कनवाळूपणा मला संशयास्पद वाटतो.

रानवारा: मॅडम, वर्गात पोरगं शिकायलाच आलेलं असतं. हा रानात उभा राहून, पीक हातचं जाईल या भीतीने टाईप करत होता. त्याने आता परत विचारलं नाही तर?

झेडपीवाली: मग आधी उत्तर द्या आणि ‘ण’चं खासगीत सांगा. न सांगणं मला पटत नाही.

ठोंब्या: अनोळखी माणसाने ‘तुमचा ण चुकलाय’ असा मेसेज केला तर मी थेट ब्लॉक करीन.

झेडपीवाली: करा खुशाल. ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘सुचना’ दिसली तर मात्र मी चारचौघांतच बोलणार. ती रंगवायचे पैसे दिलेले असतात.