‘ट्रू पोझिशन’ म्हणजे ‘खरी जागा’?

प्रश्न : ठाण्यात आयटीआयच्या मुलांसाठी ड्रॉइंग वाचायच्या मराठी नोट्स काढतेय. ‘ट्रू पोझिशन’ला ‘खरी जागा’ लिहिलंय. चालेल ना?

— ताई, ‘खरी’ नको. मी रबाळे एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे. नव्या मुलाला एकदा म्हटलं, ‘भोकाची खरी जागा लिही.’ त्याने सीएमएमवर (जॉबची मापं घेणारं मशीन) आलेली एक्स-वायची मापं लिहून दिली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत खरी जागा म्हणजे भोक प्रत्यक्षात पडलंय ती. ड्रॉइंगवरची ट्रू पोझिशन याच्या उलट, भोक जिथे असायला हवं ती. ती ड्रॉइंगवर चौकटीत लिहिलेल्या मापांनी ठरते आणि त्या मापांना स्वतःचं प्लस-मायनस नसतं. म्हणून ‘ठरलेली जागा’ लिहा. ‘नेमकी’ही चालेल, पण ‘ठरलेली’मध्ये ती डिझाइनवाल्याने ठरवली हे आपोआप येतं.

आणि टॉलरन्सला कृपा करून ‘सहनशीलता’ लिहू नका. ‘मुभा’ लिहा. भोकाने किती हलावं याची ती परवानगीच असते.

प्रश्न : मग मुभा ०.२ मिमी व्यासाची असेल, तर भोक ०.२ सरकलेलं चालेल?

— नाही, आणि मुलं इथेच फसतात. ०.२ हा ठरलेल्या जागेभोवतीच्या वर्तुळाचा व्यास. भोकाचा सेंटर कुठल्याही दिशेला ०.१ पर्यंतच जाऊ शकतो. समजा एक्समध्ये ०.०६ आणि वायमध्ये ०.०८ सरकला. सरळ अंतर ०.१०. रिपोर्टवर त्याची दुप्पट, ०.२० येते. जॉब काठावर पास. पण रिपोर्ट पाहून कोणी ‘भोक ०.२० सरकलं’ म्हणालं तर ते चूक, सरकलंय निम्मंच. नोट्समध्ये ‘सरकलेलं अंतर’ आणि ‘पोझिशनचा आकडा’ हे दोन शब्द वेगळेच ठेवा.

— वागळे इस्टेटमधून एक भर. आमच्या टूलरूममध्ये मुलं ड्रॉइंगवर मुभेच्या आकड्यापुढे असलेल्या वर्तुळातल्या ‘एम’वर अडतात. हा ‘एम’ म्हणजे ‘मॅक्सिमम मटेरियल’. ‘मॅक्सिमम मटेरियल’ ऐकलं की त्यांना मोठं भोक वाटतं. मी विचारतो, प्लेटमध्ये माल जास्त कधी राहील? भोक लहान असेल तेव्हा. ‘माल’ म्हटलं की लगेच कळतं. आता १०.० ते १०.२ चं भोक १०.१ निघालं, तर या ‘एम’मुळे जागेची मुभा ०.२ ची ०.३ होते, कारण बोल्टला तेवढी मोकळीक वाढली. या वाढीव मुभेला शॉपफ्लोअरवर सगळे ‘बोनस’ म्हणतात. ताई, तो शब्द तसाच ठेवा.